झुंबरं मोजून झाली असतील, तर चालायला लागा

पुण्या-मुंबईहून ग्वाल्हेरला येणारा मराठी पाहुणा स्टेशनावर उतरतो, तेव्हाच त्याचं ग्वाल्हेर बघून झालेलं असतं. जयविलास महालातली साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं. ती टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. मग किल्ला, तोही गाडीने. मग राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीसमोर हात जोडलेला फोटो. आणि परत गाडीत बसताना एक सुस्कारा : "काय आपलं राज्य होतं हो, इथपर्यंत!" हा सुस्कारा तिकिटाबरोबरच आरक्षित केलेला असतो.

मी दाना ओलीत राहतो. महाराज बाड्यापासून पायी काही मिनिटांवर, जुन्या लश्करच्या पोटात. माझे मित्र माझ्याकडे उतरतात, माझ्याकडे जेवतात, माझ्या गच्चीवरून किल्ल्याचा फोटो काढतात आणि माझं शहर सोडून बाकी सगळं बघून जातात. सकाळी मी म्हणतो, "चला, पायी निघू." त्यावर चारचौघांत बापाचं कर्ज निघाल्यासारखे चेहरे होतात. "अरे, गाडी सांगितलीय ना दिवसभरासाठी!" सांगितलेली गाडी गल्लीत शिरत नाही, ती बाड्याच्या अलीकडेच थांबते, तेवढं अंतर रुमाल नाकाला लावून कापायचं आणि वातानुकूलित डब्यात शिरून सुटकेचा श्वास टाकायचा. याला म्हणतात ग्वाल्हेरदर्शन.

मला यात नुसता आळस दिसत असता तर हा लेख लिहिलाच नसता. आळस क्षम्य आहे. पण गाडीतून शहर बघणाऱ्याला त्या शहराची फक्त राजाची बाजू दिसते, कारण गाडी जाईल एवढा रुंद रस्ता राजाच्याच दारापर्यंत नेलेला असतो. रयतेची बाजू बघायला पाय लागतात. आणि ज्याने एकच बाजू बघितली, त्याने गावी परतून 'ग्वाल्हेरचा मराठी इतिहास' या विषयावर सोसायटीच्या गणपतीत भाषण ठोकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता 'आपलं राज्य' म्हणजे काय ते जरा बघू. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ ठोकला. तो तळ पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी पाटोरी, म्हणजे साधी घरं, उभी राहिली, पाटोरींच्या जागी वाडे, आणि फौजेमागून कारकून, भिक्षुक, सावकार, हलवाई, गवई, सराफ असं सगळं गाव येऊन बसलं. छावणीच शहर झाली, तेच हे लश्कर. फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी, आपटे की पायगा, मामा का बाजार या नावांच्या पाट्या आजही दुकानांवर आहेत. बाला बाई का बाजार ज्यांच्या नावाने आहे त्या बाळाबाई शितोळे म्हणजे महादजी शिंद्यांची लेक. या बाजारातून मराठी पाहुणा ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जातो, आणि काचेतून बाहेर बघत विचारतो, "इथं आता मराठी कुणी उरलंय का?"

आणि तो ज्याला 'आपलं' म्हणत फोटो काढतो तो जयविलास महाल? १८७४ साली सर मायकेल फिलोसने बांधलेला. नखशिखान्त युरोपीय थाटाचा, कमानी-खांब-झुंबरांसकट. अख्ख्या ग्वाल्हेरात याहून कमी मराठी इमारत शोधायची म्हटलं तर कष्ट पडतील. त्याच्यापुढे उभं राहून आमच्या पाहुण्याचा ऊर मराठी अभिमानाने भरून येतो, आणि चौकाचे, माजघराचे, तुळशीवृंदावनाचे वाडे ज्या गल्ल्यांत एकेक करून पडतायत, तिथे त्याला धुळीची ॲलर्जी होते.

किल्ल्याचंही तसंच. ज्या किल्ल्यावर उभं राहून 'आपलं राज्य' म्हणायचं, तो १८५८ पासून १८८६ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात होता. झाशी देऊन तो शिंद्यांनी मुरारसकट परत मिळवला. ही अठ्ठावीस वर्षं ग्वाल्हेरचा राजा आपल्याच किल्ल्याकडे खालून बघत होता. त्या अठ्ठावीस वर्षांत खाली लश्करात मात्र मराठी स्वयंपाक शिजत होता, मराठी पंचांग उघडत होतं, मराठी मुलं मराठीत मार खात होती. सलग जगला तो गल्लीतला कारभार. अभिमानच बाळगायचा तर त्याचा बाळगावा. पण त्याला तिकीटखिडकी नाही. त्यामुळे आमच्या लोकांना तो बघण्यासारखा वाटत नाही.

गाडीने किल्ल्यावर जाण्याचा तोटा तर मी अनेकांना कानीकपाळी ओरडून सांगितला आहे. गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने चढते. त्या वाटेवर पंधराव्या शतकातल्या अजस्र जैन मूर्ती आहेत, त्या बघाव्यातच. पण पूर्वेची जुनी चढण, ग्वाल्हेर दरवाजाची, पायीच चढावी लागते. गुजरी महालापासून वर जाताना, त्या चढणीवर, कातळात कोरलेलं एक छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. आत शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याची, आणि रोज ५० माळा द्यायच्या ठरल्याची त्यात नोंद आहे. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण लिहितो तसंच गोल आहे. निश्चित साल सांगता येतं अशा जगातल्या सर्वात जुन्या शून्यांपैकी हे एक; परदेशातून गणिताचे अभ्यासक त्यापुढे उकिडवे बसून ते बघायला येतात. आणि 'शून्य भारतानं दिलं' हा मजकूर दर पंधरा दिवसांनी पुढे ढकलणारे आमचे मित्र त्या शून्याच्या पलीकडच्या बाजूने, गाडीत बसून, वर जातात आणि खाली येतात. सांगितलं तर म्हणतात, "चढ किती आहे रे?"

चढ किती आहे! हे विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक दर रविवारी सिंहगड चढतात आणि किती मिनिटांत चढले ते मनगटावरच्या यंत्रासकट जगाला कळवतात. गणपतीत रात्रभर लक्ष्मी रस्ता पायांखाली घालतात. तुळशीबागेत एका टिकलीच्या पाकिटासाठी तीन तास उभे राहतात. आळंदीहून पंढरपूर हे अडीचशे किलोमीटर अंतर दरवर्षी लाखोंनी पायी कापणारा हा समाज आहे. चालणं हाच ज्यांच्या भक्तीचा गाभा, त्यांनी परगावात पाय जमिनीला लावायचं नाही असा पण का केलाय? कारण सोपं आहे. आपल्या गावात चालणं म्हणजे व्यायाम किंवा पुण्य. परगावात चालणं म्हणजे गरिबी. पाहुणा पैसे घेऊन आलाय हे दिसायला गाडी हवी.

या गाडीमुळे काय सुटतं त्याचा एकच नमुना देतो, आणि तो दाना ओलीपासून हाकेच्या अंतरावरचा आहे. सराफा बाजार. इथे अमरचंद बांठियांचा पुतळा आहे. बिकानेरकडून आलेल्या जैन घरातले हे गृहस्थ ग्वाल्हेर राज्याच्या खजिन्याचे अधिकारी होते. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब ग्वाल्हेरवर चालून आले. शिंद्यांची फौज फुटून त्यांना मिळाली, आणि राजे जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. ३ जूनला फुलबागेत दरबार भरून नानासाहेबांना पेशवा म्हणून जाहीर केलं गेलं. सैन्याला पगार द्यायला पैसा नव्हता; तो बांठियांनी खजिन्यातून दिला. दोन-अडीच आठवड्यांत राणी लढता लढता पडली, जयाजीराव इंग्रजांच्या मदतीने परत गादीवर बसले, आणि २२ जूनला बांठियांना या सराफ्यात लिंबाच्या झाडाला फाशी दिली गेली.

आता हिशेब मांडा. राणी मराठी. पेशवाई मराठी. तात्या मराठी. आणि आग्र्याला गेलेला राजाही मराठी. फासावर चढला तो मारवाडी जैन. 'आपलं राज्य' या दोन शब्दांत यातलं कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं? हा प्रश्न जयविलास महालात पडत नाही. तिथे चांदीच्या आगगाडीच्या डब्यांतून दारू आणि सिगार कसे फिरायचे याची माहिती मिळते. हा प्रश्न सराफ्यात, सोन्याच्या दुकानांच्या गर्दीत, त्या पुतळ्याजवळ उभं राहिलं तरच पडतो. म्हणून तर मी म्हणतो चाला. चालण्याने भूक लागते वगैरे ठीक आहे. त्याने काही अडचणीचे प्रश्नही पडतात, आणि आमच्या इतिहासप्रेमी मित्रांना नेमके तेच टाळायचे असतात असा मला दाट संशय आहे.

तसेच बाड्यालगतच्या गोरखीत या. शिंद्यांचं जुनं राहतं ठिकाण हे, महाल नंतरचे. महादजी शिंदे ज्यांना गुरू मानत ते मन्सूरशाह हे बीडचे सूफी संत, आणि शिंद्यांच्या इथल्या देवघरात त्यांचा मान आहे. दिल्लीच्या बादशहाला मुठीत ठेवणारा मराठा सरदार मराठवाड्यातल्या एका फकिरापुढे मान लववत होता, ही गोष्ट बीड-औरंगाबादकडचा पाहुणा इथे येऊन पहिल्यांदा ऐकतो आणि कसनुसं हसतो. त्याला ठरलेल्या साच्यातला इतिहास हवा असतो. गल्लीतला इतिहास साच्यात बसत नाही.

संगीताचं तर विचारूच नका. ज्या गायकीवर आजचा अर्धा महाराष्ट्र पोसला गेला ती या गल्ल्यांतून गेली. हद्दू खाँ-हस्सू खाँ इथले. रेल्वे नसतानाच्या काळात इचलकरंजीजवळच्या चंदूरचा बाळकृष्णबुवा नावाचा मुलगा गाणं शिकण्यासाठी वणवण करत, धार वगैरे करत इथे आला, वासुदेवबुवा जोशींकडे राहिला, आणि ही गायकी दक्षिणेत घेऊन गेला. त्याचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. लश्करातच कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये गांधर्व विद्यालय काढलं आणि १९८९ पर्यंत, नव्वदी उलटून गेल्यावरही, ते इथलेच राहिले. राजाभैय्या पूछवाले इथले. हाफिज अली खाँसाहेबांचं घर जिवाजी गंजात आहे. आता तिथे 'सरोद घर' हे वाद्यांचं संग्रहालय आहे. राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये वारले ते याच शहरात. १९६१ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं आणि त्याच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे; संमेलनाच्या गादीवर बसलेली पहिली बाई महाराष्ट्राबाहेर, ग्वाल्हेरात बसली. यातलं एक तरी ठिकाण गाडीवाल्याच्या 'सेव्हन पॉइंट'मध्ये आहे? नाही. सातवा पॉइंट मॉल आहे.

पाहुण्यांना एवढं झोडपून झाल्यावर यजमान साळसूद ठरतात असं नाही. इथला मराठी माणूस पाहुण्याला आधी काय सांगतो? "गल्लीत काय बघायचंय, घाण आहे सगळी." वाडा विकून सिटी सेंटरला फ्लॅट घेतलेला माणूस हे जास्त ठासून सांगतो. ज्या गल्लीत आजोबांनी आयुष्य काढलं तिची लाज वाटणं हे प्रगतीचं लक्षण समजलं जातं. आणि मग हाच माणूस महाराष्ट्र समाजाच्या कार्यक्रमात आपली संस्कृती कशी लोप पावते आहे यावर डोळे पुसतो. संस्कृती लोप पावत नाही काका, ती बिल्डरला विकली जाते, आणि खरेदीखतावर सही कुणाची असते ते तुम्हाला माहीत आहे.

हां, गल्ली घाण आहे. मी ती धुऊन पुसून दाखवणार नाही. दाना ओलीत एकाच वेळी स्कूटर, ई-रिक्षा, पोत्यांनी लादलेला हातठेला, गाय आणि वरात येऊ शकते, आणि येते. दुकानदार माल दोन हात पुढे मांडतो, त्याच्या पुढे गिऱ्हाईक आपली गाडी लावतं, त्याच्या पुढे उरलेल्या वीतभर जागेतून उरलेलं शहर जातं. वर बघावं तर दगडी जाळीचे सज्जे, टोड्यांवरची नक्षी, आणि त्यांच्यावरून विजेच्या तारांचं जंजाळ. खाली बघावं तर उघडी नाली. वर बघणारा नालीत पडतो आणि खाली बघणाऱ्याला सज्जा दिसत नाही. चालणाऱ्याने दोन्हींतून एक निवडावं अशी व्यवस्था आहे. पण ही व्यवस्था आकाशातून पडली नाही. ती केली गेली आहे.

ग्वाल्हेर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. मग महाराज बाड्याच्या इमारती घासूनपुसून काढल्या गेल्या. टाऊन हॉल झळकला. आगीत होरपळलेल्या व्हिक्टोरिया मार्केटची डागडुजी झाली आणि आता तिथे भूविज्ञान संग्रहालय आहे. पोस्ट ऑफिस, बँक, जुना छापखाना, सगळ्यांवर रात्री दिवे पडतात. बाडा पादचाऱ्यांसाठी मोकळा करायचं ठरलं. हे सगळं चांगलंच आहे. मी स्वतः संध्याकाळी तिथे टेकतो. माझा सवाल इतकाच आहे की पादचारी बाड्यावर येतो कुठून? हेलिकॉप्टरमधून? तो दाना ओलीतून, सराफ्यातून, टोपी बाजारातून, नई सडकेवरून येतो, आणि तिथे त्याच्यासाठी पाऊलभर जागा नाही. चौक सुशोभित करायचा आणि चौकाकडे येणाऱ्या वाटा तशाच सोडायच्या, म्हणजे चालणारा माणूस शहराला फक्त फोटोपुरता हवा आहे. सुशोभीकरणाचं उद्घाटन करणारे सगळेच तिथे गाडीने आले होते, हे सांगायला नकोच.

पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मोकळा, म्हणजे खांब, पाटी, जनित्र आणि साहेबांची गाडी वगळून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अडथळे नसलेला पदपथ वापरणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमात येणारा हक्क आहे, जगण्याच्या हक्काचा भाग. शब्द जड वाटत असेल तर आकडा घ्या : २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. ही नव्वद माणसं रोज कुठे तरी भाजी आणायला, शाळेत, कामावर, देवळात निघालेली असतात. 'जगण्याचा हक्क' हे न्यायालयाने अलंकारिक भाषेत म्हटलेलं नाही.

आणि मग यावर उपाय म्हणून काय होतं? अतिक्रमण हटाव. गाडी येते, हातठेलेवाल्याचा तराजू उचलते, केळीवालीची टोपली उलटवते, आणि निघून जाते. रस्त्याचा तिसरा हिस्सा अडवून उभ्या असलेल्या चारचाकीला कोणी हात लावत नाही, कारण ती अतिक्रमण नसते. ती 'पार्किंगची समस्या' असते. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी पाहणी करा, नगर विक्रेता समिती बसवा, विक्रेत्याला जागा द्या, मगच हलवा. हलवण्याचं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ठेलेवाला गेला की रस्ता चालणाऱ्याला मोकळा होईल अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी आठवड्याने परत येऊन बघावं. ठेल्याच्या जागी बुलेट उभी असते. ठेला निदान केळी तरी देत होता.

नदीचं काय केलं तेही सांगतो. स्वर्णरेखा नावाची नदी या शहरातून वाहायची. आधी तिची नाली केली, मग तळाला आणि बाजूंना काँक्रीट ओतून ती नाली पक्की केली, आणि आता तिच्यावर खांब रोवून मोटारींसाठी उन्नत रस्ता बांधायला घेतला. ज्या काठाने शहरभर सावलीतून पायी जाता आलं असतं, त्या काठाची ही गत. नदीचं नाव सोन्याच्या रेघेचं. रेघ आता सिमेंटची आहे, आणि तिच्या डोक्यावरून जाणाऱ्याला खाली नदी होती हे कळणारही नाही.

पुण्याच्या मित्रांनी हे वाचून खुशीत येऊ नये. २०१६ मध्ये पादचारी धोरण करणारं देशातलं पहिलं शहर म्हणून पुण्याने पाठ थोपटून घेतली. आणि मग? ११ डिसेंबरला पादचारी दिन! त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद. सतरंज्या, रांगोळ्या, गाणी, चित्रं. दुसऱ्या दिवशी सकाळी पादचारी पुन्हा भिंतीला चिकटून. पोळ्याला बैल सजवतात आणि दुसऱ्या दिवशी जुंपतात, तसला हा सन्मान. बैलाला निदान पुरणपोळी मिळते.

आणखी एका टोळीबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर 'चाला' म्हटलं की ती टोळी टाळ्या वाजवत येईल. हे 'हेरिटेज वॉक'वाले. कापडी पिशवी, मोठी टोपी, गळ्यात कॅमेरा. कुणाच्या दारातली वाळत घातलेली कपड्यांची दोरी यांना 'टेक्श्चर' वाटते. ओट्यावर बसलेल्या म्हातारीला विचारल्याशिवाय फोटो काढतात, आणि ती रागावली की तोही फोटो काढतात. पडका वाडा बघून यांना गहिवर येतो; त्या वाड्यात तीन भाडेकरू, एक कोर्टकचेरी आणि गळकं छप्पर आहे याचा गहिवराशी संबंध नसतो. बाबांनो, गल्ली हा लोकांचा घराबाहेरचा ओटा आहे. तिथे जाताना माणसासारखं जावं. दुकानात शिरावं, काही विकत घ्यावं, नमस्कार करावा, बसा म्हटलं तर बसावं. नया बाजारात जाऊन बहादुराचे लाडू खावेत, सकाळी गरम कचौडी खावी, आणि खाताना निदान दोन मिनिटं फोन खिशात ठेवावा. चालणं म्हणजे निरीक्षण नव्हे. त्या गर्दीतला एक होणं.

आणि बायका? 'चाला' हा उपदेश करणारे बहुतेक पुरुष असतात, मीही आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो. माझ्या मित्राच्या बायकोने सकाळी निघताना पाणी पिणं बंद केलं. कारण विचारायची गरज नव्हती. तासन्‌तास चालायचं आणि वाटेत धड स्वच्छतागृह नाही, बसायला बाक नाही, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि रस्ताभर एक झाड नाही. अशा शहरात बाईने गाडी सांगितली तर तिला मी आळशी म्हणणार नाही. शहराने तिला गाडीत ढकललंय. माझा राग तिच्यावर नाही. तिच्या नवऱ्यावर आहे, ज्याला हे सगळं सोसावं लागत नाही आणि तरी जो गुडघ्याचं नाव सांगून मागच्या सीटवर पसरतो.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हणून मान दिला. आनंद आहे. फलक लागले, दिवे लागले, भाषणं झाली. पण ज्या गल्लीतून रियाजाचा आवाज ऐकत पोरगं गाणं शिकायचं, त्या गल्लीत आज कर्ण्यांच्या गदारोळात शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही. गाणं ऐकायला थांबावं लागतं, आणि थांबायला जागा लागते. शहराला संगीताची पदवी मिळवून देणाऱ्यांना थोडा वेळ दाना ओलीत उभं करावं आणि विचारावं, सा कुठला धरू?

तेव्हा माझ्याकडे येऊ इच्छिणाऱ्या समस्त मित्रमंडळींसाठी यापुढच्या अटी. गाडी सांगायची नाही. स्टेशनावरून ऑटो करा, पैसे घासाघीस न करता द्या. पहिला दिवस लश्करचा : दाना ओली, सराफा, गोरखी, बाडा, जिवाजी गंज, सगळं पायी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला किल्ला, पूर्वेच्या चढणीने, आणि शून्यापुढे उभं राहिल्याखेरीज वर जायचं नाही. महाल तिसऱ्या दिवशी, वेळ उरला तर. झुंबरं कुठे पळून जात नाहीत. ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी मी सायकलरिक्षा ठरवीन आणि बरोबर चालेन. ज्यांचे गुडघे फक्त परगावात दुखतात त्यांनी हॉटेलात उतरावं.

शहराच्या कारभाऱ्यांसाठी एकच अट, आणि ती याहून सोपी आहे. पुढचा सुशोभीकरणाचा आराखडा मंजूर करण्याआधी भर बारा वाजता, घरच्या म्हाताऱ्या आईला बरोबर घेऊन, दाना ओलीच्या एका टोकापासून बाड्यापर्यंत पायी चालून दाखवा. पुढे शिपाई नको, मागे गाडी नको. आई जिथे जिथे थांबेल, अडखळेल किंवा तुमचा हात घट्ट धरेल, तिथे तिथे खडूने खूण करा. नंतर सल्लागार कंपनी नेमू नका. त्या खुणा दुरुस्त करा, आणि त्यांचं बिल किती झालं ते बाड्यावर मोठ्या अक्षरांत लावा. आम्ही चालत येऊन वाचू.